एल्विराने पाहिलेल्या दीर्घिका

८ जानेवारी, टूसॉन

एल्विरा गेल्यानंतर आज प्रथमच तपासणीला बसलो. आकाशाच्या शेवटच्या क्षेत्रातील माझ्या वाट्याचे वर्णपट पाहायचे राहिले आहेत. तिचे पाहून झाले आहेत. गेल्या उन्हाळ्यात, उशांना टेकून, मांडीवर संगणक घेऊन तिने ते सर्व संपवले आणि ऑक्टोबरमध्ये ती गेली.

कामाची रीत प्रथम नोंदवतो, कारण मला ज्याची भीती वाटते ते या रीतीवाचून समजणार नाही. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आमच्या यंत्रातून गेला की त्याची एक लांबट, खरखरीत पट्टी होते. ज्या दीर्घिकेत नवे तारे जन्मत असतात, तिच्या पट्टीत तापलेल्या वायूच्या एक-दोन उजळ रेषा उमटतात. रेषा तांबड्या टोकाकडे जितकी सरकलेली, तितका तो प्रकाश जुना. एकच रेषा दिसली तर शंका राहते. ठरलेल्या अंतरावर दुसरी दिसली की शंका संपते. अंधुक पट्ट्यांत यंत्र फसते, म्हणून दोन माणसे प्रत्येक पट्टी डोळ्यांनी पाहतात आणि शून्य ते चार असे गुण देतात. शून्य म्हणजे काहीही नाही. चार म्हणजे निःसंशय. दोघांचे काम पूर्ण होईपर्यंत एकमेकांशी त्याविषयी एक शब्दही बोलायचा नाही, हा नियम आहे.

सव्वीस वर्षे ती जोडी एल्विराची आणि माझी होती. ती खगोलशास्त्रज्ञ, मी तिच्या यंत्राची भिंगे बसवणारा अभियंता, जो पुढे तिच्या हाताखाली रेषा पाहायला शिकला. ती कधी कधी जेवायला येताना डोळ्यांत हसत असे आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणत असे, "विचारू नकोस." मी कधीही विचारले नाही. त्यामुळे या क्षेत्रातील प्रत्येक दीर्घिकेविषयी तिचे म्हणणे काय होते, हे मला आजही ठाऊक नाही.

पहिला वर्णपट पाहिला. उजवीकडे आपल्याच आकाशाच्या तेजाचा जाड पट्टा. बाकी सर्वत्र खरखर. शून्य दिला.

१२ जानेवारी

हर्लिंडा आली होती. एल्विराची धाकटी बहीण.

"भाऊजी, तुमच्या झाडाखाली ग्रेपफ्रुटांचा सडा पडलाय. रानडुकरं खाऊन माजतील. दोन पिशव्या नेते म्हटलं."

तिने माझ्या फ्रिजमध्ये तमाल्यांचे, म्हणजे कणसाच्या पानात वाफवलेल्या मक्याच्या उंड्यांचे, दोन डबे ठेवले, आधीचे दोन उघडून पाहिले आणि म्हणाली, "हे तर तस्सेच आहेत."

"वेळ झाला नाही. पण चव उत्तम होती."

"न खाताच उत्तम?"

ती गेल्यानंतर पाहतो तो फळांच्या दोन्ही पिशव्या ओट्यावरच राहिलेल्या. ती हल्ली फार विसराळू झाली आहे.

१९ जानेवारी

कार्यालयात गेलो. आमच्या गटाची सूत्रे आता डॉ. इमोजेन प्रॅदर हिच्याकडे आहेत. पन्नाशीची, मोठ्याने हसणारी, आणि माझ्या मते मुदतींच्या बाबतीत फार सैल.

"आर्विड! जिवंत आहात तर. किती झाले?"

"पंधरावा हिस्सा."

"मग फेब्रुवारीअखेर नको. मार्चमध्ये द्या."

मी म्हणालो की एल्विराने ठरवलेली मुदत बदलणे योग्य नाही. ती म्हणाली, "एल्विरा असती तर तिनं मलाच बदललं असतं. बसा, कॉफी घ्या."

मग भुतांचा विषय निघाला. इमोजेन प्रत्येक क्षेत्राच्या ढिगात काही बनावट वर्णपट मिसळते, ज्यांत कोणतीही दीर्घिका नसते, केवळ खरखर असते. कार्यालयात त्यांना भुते म्हणतात. ती कोणती हे केवळ इमोजेनला ठाऊक असते. हजारो पट्ट्या पाहिलेल्या डोळ्याला हवी ती रेषा खरखरीतही दिसू लागते. तो दोष मोजण्याचा हा उपाय आहे. दहांत एकाहून अधिक भुतांवर ज्याला रेषा दिसली, त्याचे त्या क्षेत्रातील सर्व गुण रद्द होतात आणि ते काम दुसरा माणूस पुन्हा करतो.

"या वेळी चाळीस घातलीत," इमोजेन म्हणाली. "दोघांनाही तीच. एल्विराला आजारी म्हणून सवलत दिली असती तर तिनं मला उभं जाळलं असतं."

मी हसलो नाही. परतताना गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली.

जे कोणाला सांगितले नाही ते येथे लिहितो. सप्टेंबरमध्ये एल्विरा हर्लिंडाला आईच्या नावाने हाक मारू लागली होती. कॉफीत मीठ घालून ती साखरच आहे असे निक्षून सांगत होती. कर्करोगाची गाठ मेंदूत उतरल्याचे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले. केव्हा उतरली ते त्यांना सांगता आले नाही. तिची तपासणी जुलै-ऑगस्टमधली. त्या पट्ट्या पाहणारी एल्विरा होती की नव्हती? तिला भुतांवर रेषा दिसल्या असतील तर तिचे शेवटचे काम रद्द होईल. आणि उन्हाळाभर मी जिच्या शेजारी बसून जेवलो ती स्त्री केव्हाच निघून गेली होती, हे आकड्यांत सिद्ध होईल.

२६ जानेवारी

एक अंधुक पट्टी. मधोमध किंचित उजळ असे काही, किंवा काहीच नाही. शून्य लिहिले. मग मनात आले, एल्विराने येथे दोन दिला असता. तिची दृष्टी उदार होती; दुर्बळ दीर्घिकेलाही ती संधी देत असे. मी स्वभावतः कोरडा आहे, हे मला मान्य आहे. पुन्हा पाहिले. खरोखरच काही असावे. दोन दिला.

नियमाचा भंग झालेला नाही. तिचे गुण मी पाहिलेले नाहीत. केवळ स्वतःच्या कोरडेपणाची भरपाई केली, आणि मोजमापात अशी दुरुस्ती सर्वमान्य आहे.

३ फेब्रुवारी

हर्लिंडा पुन्हा फळांसाठी आली. बोलता बोलता मी म्हणालो की एल्विराचा उदारपणा मला कामात फार उपयोगी पडत आहे.

हर्लिंडाने हातातली पिशवी खाली ठेवली. "उदार? कोण, विरा?"

"अर्थात."

"भाऊजी, माझ्या लग्नात सबंध पातेलं तिनं परत पाठवलं होतं. मीठ कमी म्हणून. पाहुणे पंगतीत, आणि ही स्वयंपाकघरात आमच्या मावशीला शिकवतेय! दर नाताळला माझ्या तमाल्यांना नावं ठेवायची. तुम्ही आपले 'उत्तम, उत्तम'."

"ते जेवणाविषयी झाले. दीर्घिकांच्या बाबतीत ती निराळी होती."

"तुम्ही सकाळपासून काय खाल्लंत?" तिने विचारले. विषय बदलण्याची तिची ही जुनी खोड आहे.

११ फेब्रुवारी

रेषा आता पडद्याबाहेरही दिसतात. न्हाणीघराच्या फरशीवर एक. जेवणाच्या टेबलावर खिडकीच्या पट्ट्यांची सावली पडते तीत दोन, ठरलेल्या अंतरावर. तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेलो असता माझ्या हृदयाचा आलेख निघत होता. त्या कागदावर मी नकळत गुण देऊ लागलो. परिचारिकेने विचारले, "काय मोजताय?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "वजन फार उतरलंय तुमचं. घरी कोण असतं?"

मी म्हणालो, "पत्नी." बाहेर आल्यावर लक्षात आले. परत जाऊन दुरुस्ती करावी असे वाटले, पण दाराला हात लावण्याचे धैर्य झाले नाही.

सप्टेंबरमध्ये तिचेही असेच झाले असेल काय? चुकीचा शब्द तोंडातून सुटतो आणि त्या क्षणी तो अगदी बरोबर वाटतो.

२० फेब्रुवारी

बहुतेक पट्ट्या विश्वाच्या दुपारच्या आहेत. एल्विरा त्या काळाला दुपार म्हणत असे: सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वीचा काळ, जेव्हा दीर्घिकांत आजच्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने तारे जन्मत होते. त्यापूर्वीच्या लहान, वेड्यावाकड्या, वायूने गच्च भरलेल्या. त्यानंतर हळूहळू सर्वत्र उतरण लागली. मोठ्या दीर्घिका प्रथम थांबल्या, म्हणजे त्यांत नवे तारे जन्मेनासे झाले. वायू संपला म्हणून, की बाहेरून येणारा वायू अडला म्हणून, यावर तिचे आयुष्य गेले. तिचे म्हणणे असे की काही मोठ्या दीर्घिका दुपार होण्यापूर्वीच थांबू लागल्या होत्या. ते सिद्ध करण्यासाठी त्या काळातील अगदी क्षीण रेषा हव्यात, आणि त्या या शेवटच्या क्षेत्रातच मिळण्याचा संभव होता. म्हणूनच तिने ते आजारपणात पूर्ण केले.

एकदा मी तिला विचारले होते की दीर्घिका थांबली हे कसे कळते. ती म्हणाली, "लगेच कळतच नाही. निळे तारे आधी मरतात. बाकीचे अब्जावधी वर्षं तेवत राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय."

हे वाक्य आज कामाला बसल्यापासून डोक्यातून जात नाही. जुलैमध्ये मी तिच्याकडे पाहत होतो आणि मला सगळे ठीक वाटत होते.

इमोजेनचा फोन आला. मुदत आणखी पुढे नेऊ का, असे विचारत होती. जेवलात का, असेही विचारत होती. मी सांगितले की या दोन्ही गोष्टींची आवश्यकता नाही.

२ मार्च

अखेरची पट्टी पाहून झाली. गुण पाठवण्याचे बटण दाबायचे तेवढे बाकी आहे.

दाबले नाही. काही पट्ट्या पुन्हा एकदा पाहणे इष्ट ठरेल.

६ मार्च

पुन्हा पाहिल्या. आता जवळजवळ प्रत्येक पट्टीत काहीतरी दिसते. पहिली मात्र उघडली नाही. तिच्याविषयी मला शंका नाही.

मला कशाचे भय वाटते, याचा शांतपणे विचार केला. तिचे गुण रद्द होतील याचे वाटते, हे खरे. परंतु आज बटणावर बोट ठेवले तेव्हा ते भय नव्हते. मी पाठवले की दोघांचे गुण शेजारी येतील आणि तिचे म्हणणे उघड होईल. त्यानंतर तिचे मला न कळलेले असे या घरात काहीही उरणार नाही.

८ मार्च

पाठवले. नियम तो नियम.

१४ मार्च

आज दोघांच्या गुणांवरचा पडदा उघडला. क्रम जसा घडला तसा लिहितो.

खोलीत इमोजेन आणि मी दोघेच. एरवी या प्रसंगी सारा गट जमतो, कोणीतरी केक आणतो. तिने कोणालाही बोलावले नव्हते. दार लावून तिने पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला.

"आधी भुतं," ती म्हणाली. "नेहमीसारखं. तयार?"

मी मान हलवली. टेबलाची कड मी दोन्ही हातांनी धरली होती, हे मला नंतर हात दुखू लागले तेव्हा कळले.

"एल्विरा. चाळीसपैकी..." इमोजेन थांबली. "शून्य."

"म्हणजे?"

"एकही नाही, आर्विड. एकाही भुतानं तिला फसवलं नाही. या गटात आजवर कुणालाच हे जमलं नव्हतं. मलाही नाही."

इमोजेनने पेला माझ्या हातात दिला.

"आता तुमचे." तिचा आवाज बदलला. "अठरा."

"ते शक्य नाही. मी केवळ... मी ज्या ठिकाणी संशय होता तेथे एल्विराच्या दृष्टीने पाहिले. ती उदार होती."

"एल्विरा?" इमोजेनला हसू आवरेना, आणि त्याच वेळी ती डोळेही पुसत होती. "अहो, तिच्याइतका कंजूस डोळा मी जन्मात पाहिला नाही! माझ्या प्रबंधातल्या निम्म्या दीर्घिका तिनं कचऱ्यात टाकायला लावल्या होत्या. आणि तुम्ही? अर्ध्या भुतांना जन्मदाखले देऊन मोकळे झालात."

"माझे गुण रद्द होतील."

"हो. तुमची बाजू मी पुन्हा तपासणार. तिची राहील."

मी म्हणालो, "ठीक आहे." मला लाज वाटायला हवी होती. पण लाजेला जागा नव्हती. ती जुलैमध्ये होती. ऑगस्टमध्येही होती. संपूर्ण होती.

"एक राहिलं," इमोजेन म्हणाली. "ही पहिली पट्टी. तुमचा शून्य, तिचे चार. मघाशी मीही उघडून पाहिली, मला काहीच दिसलं नाही. म्हणजे दोन डोळे एकीकडे आणि ती एकटी दुसरीकडे. तिची रीत पाळायची?"

एल्विराची रीत अशी की मतभेद झाला की प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू मांडायची. स्वतःच्या बाजूने बोलायला तिने कधीच परवानगी दिली नाही. एल्विराच्या जागी बसलेली इमोजेन माझ्या शून्याच्या बाजूने बोलणार होती. मला एल्विराच्या चारसाठी उभे राहायचे होते.

इमोजेनने सुरुवात केली. "खरखर आहे सगळी. उजवीकडे आकाशाचा पट्टा, त्याच्या डावीकडे हा एक उंचवटा. एवढ्याशा उंचवट्यावर चार? बाई आजारी होती हो."

"ती आजारी होती, आंधळी नव्हती," मी म्हणालो.

"मग दाखवा."

मी पडद्याजवळ गेलो. भीती अशी की एल्विरा येथेच चुकली असेल; या एकाच ठिकाणी, पहिल्याच पट्टीवर. आणि त्याहून मोठी भीती अशी की मला आता रेषा दिसलीच, तर ती खरी की माझ्या मनातली, हे मला कसे कळणार? अठरा भुतांवर मला रेषा दिसली होती. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास उरला नव्हता.

म्हणून डोळ्यांनी पाहिले नाही. मोजले. त्या उंचवट्याची जागा घेतली आणि तो प्राणवायूची रेषा मानला, तर हायड्रोजनची कोठे पडेल याचे गणित कागदावर मांडले. ती जागा आकाशाच्या जाड पट्ट्याच्या आत, त्याच्या उजव्या कडेला येत होती. इमोजेनला म्हणालो, आकाशाचा भाग वजा करून दाखव, तुझ्या हाताने, तुझ्या पद्धतीने. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. बाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावत होते.

मागे इमोजेनच्या कळा वाजत राहिल्या, मग थांबल्या.

"आर्विड," इमोजेन म्हणाली. "आकाशानं अर्धी खाल्लेली आहे. पण आहे. बरोबर तिथंच आहे."

मग मी वळून पाहिले. दोन रेषा, दोन्ही अगदी क्षीण. दुपार होण्याच्या कितीतरी आधीची, मोठी, आणि थांबू लागलेली दीर्घिका. एल्विरा जी शोधत होती तीच. आजारी बाईने उशांना टेकून ती पहिल्याच दिवशी पाहिली होती, आणि मग जेवायला येऊन माझ्यासमोर बसली होती. डोळ्यांत हसत होती का? मला आठवत नाही. असेल तर मी नियमाप्रमाणे विचारले नसेल.

"आता चार कायम करायचे," इमोजेन म्हणाली. "तुम्ही करता?"

केले. बोट बटणावरून लवकर उचलले गेले नाही.

१५ मार्च

घर फार शांत आहे. मला भीती वाटते की मी तिला पुन्हा उदार करीन. दोन महिन्यांत मी तिच्या जागी एक मवाळ, सर्वांना संधी देणारी बाई उभी केली होती आणि तिच्याच नावाने तिला खोटे पाडत होतो. इमोजेनने ती बाई एका शब्दात पुसली. पुढच्या वेळी पुसायला कोण असेल?

१७ मार्च, रविवार

स्वतःहून हर्लिंडाकडे गेलो. ओट्यावरच्या फळांच्या पिशव्या बरोबर नेल्या. तिने दार उघडले आणि प्रथम माझ्याकडे, मग पिशव्यांकडे पाहिले.

"भाऊजी? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"तू या पिशव्या दर वेळी विसरतेस."

"विसरते!" ती म्हणाली आणि बाजूला झाली. "या आत. विसरते म्हणे."

तिने तमाले वाढले. मी तिला निकाल सांगितला. भुतांचा, चाळीसातल्या शून्याचा, पहिल्या पट्टीचा. तिने मध्येच विचारले, "म्हणजे उन्हाळ्यात ती शुद्धीत होती?" मी म्हणालो, होती, आपल्या सर्वांपेक्षा अधिक. हर्लिंडाने हातातले फडके तोंडाला लावले. मग तिने ते खांद्यावर टाकले आणि नेहमीच्या स्वरात म्हणाली, "खा. निवतंय."

मी कणसाचे पान सोलले आणि एक घास घेतला. नीट चावला. दुसरा घेतला, खात्री करण्यासाठी. हर्लिंडा पाहत होती. मला जे बोलायचे होते त्याची खरोखर भीती वाटली, कारण तीस वर्षांत मी या घरात असे काही बोललो नव्हतो.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

तिचा हात हवेतच थांबला. "काय म्हणालात?"

"मीठ कमी आहे, हर्लिंडा. पीठही कोरडे आहे. चारपैकी दोन."

मला वाटले, आता ती मला घराबाहेर काढील. मग ती उठली, फळीवरून बरणी काढून तिने ती माझ्यासमोर आदळली आणि म्हणाली, "आली बया. आता दर रविवारी यायला लागेल तिला."

बरणी उघडून मी आधी बोटाच्या टोकाने चाखून पाहिले. मीठच होते.